धावपट्टी आणि रंगपेटी

भंडारा जिल्ह्यात पहाटेची पहिली चाहूल आजकाल कोंबड्याच्या आरवण्याने लागत नाही, ती पावलांच्या आवाजाने लागते. थंडीचे दिवस असोत वा धानकापणीचे, अंधार सरण्यापूर्वीच गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर तरुण मुलेमुली धावू लागतात. बहुतेकांची दृष्टी भरतीवर असते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तेथे काही सेकंदांचा फरक एखाद्या घराचे भाग्य पालटू शकतो. पहाटेच्या मिस्सेसाठी चर्चचे दार उघडताना आम्ही हा पावलांचा ताल रोज ऐकतो आणि त्या साऱ्यांसाठी मनोमन दोन शब्द परमेश्वरापाशी बोलतो.

या धावणाऱ्यांत आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी होती. तिचे अंतर भरतीच्या अंतरापाशी संपत नसे. ती दहा हजार मीटर धावणारी. चारशे मीटरच्या धावपट्टीवर पंचवीस फेऱ्या, आणि त्या पंचवीस फेऱ्यांसाठी महिनोन्‌महिने रस्त्यांवर, बांधावर आणि तलावाच्या पाळीवर घालवलेल्या पहाटा. महाविद्यालयाच्या संघातून ती विद्यापीठाच्या संघात गेली आणि तेथून पुढच्या पायऱ्या तिला दिसू लागल्या. तिचे नाव आम्ही येथे सांगणार नाही. नावापेक्षा तिच्यामुळे आमच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो प्रश्न पुष्कळ घरांतला आहे.

या मुलीला आणखी एक वेड होते. दुपारी पाय वर करून पडून राहावे, असा तिच्या प्रशिक्षकांचा आदेश असे. त्या वेळात ती चित्रे काढी. वैनगंगेचा घाट, पितळी भांडे ठोकताना वाकलेला कारागीर, रोवणी करणाऱ्या बायांच्या ओणव्या पाठी. एकदा चर्चच्या सणाला तिने काढलेली चित्रे भिंतीवर लावली होती. सारी माणसे त्यांत स्थिर होती. धावणारे कोणीच नव्हते. आम्ही सहज विचारले, "बाळ, तू रोज धावतेस आणि चित्रात एकही धावणारा नाही, असे का?" ती म्हणाली, "धावताना कोणी दिसतच नाही, फादर. थांबल्यावर दिसतात." त्या वेळी आम्ही हसलो. त्या उत्तराचे वजन आम्हाला पुष्कळ उशिरा कळले.

एके रविवारी मिस्सेनंतर तिचे वडील आमच्याकडे आले. थोडी धानशेती, बाकी मजुरी, असे ते घर. ते म्हणाले, "फादर, पोरगी तुमचं ऐकते. तिला सांगा, एक काहीतरी धर. दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस मधल्या मधे पडतो. पळण्यातून नोकरी तरी लागंल. चित्रातून काय लागते?" आम्ही मुलीला बोलावून घेतले आणि ज्या सहजतेने वडीलधारी माणसे अशा वेळी बोलतात त्याच सहजतेने बोललो. 'एक ना धड भाराभर चिंध्या' ही म्हण तिला ऐकवली. एकाग्रतेवर दोन वाक्ये सांगितली, त्यागावर एक. ती मान खाली घालून ऐकत होती. पुढच्या रविवारी तिने आपली रंगपेटी आणून धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मुलांसाठी दिली. आम्ही चार लोकांत तिच्या त्यागाचे कौतुक केले.

काही महिन्यांनी वर्गाचे कपाट आवरताना ती पेटी आमच्या हाती आली. नळ्यांची टोपणे हरवली होती, रंग सुकून दगड झाले होते, एका कुंचल्याने कोणी मुलाने गोंद लावला होता. मुलांचा काय दोष? परंतु ती पेटी हातात धरून उभे असताना आमच्या मनात प्रथमच आले की, हा त्याग तिचा होता की आमचा? आपण दुसऱ्याच्या वतीने त्याग करून पुण्य मात्र आपल्या खात्यात जमा केले नाही ना? या लेखाचा जन्म त्या कपाटापाशी झाला.

प्रश्न असा आहे: ज्याला दोन देणग्या लाभल्या आहेत त्याने एकीचा त्याग करावा काय? आणि करायचाच असेल तर तो कोणी ठरवावा?

प्रथम त्या बापाची बाजू न्यायाने पाहिली पाहिजे. त्याची भीती खोटी नाही. महाराष्ट्रात २००५ पासून शासकीय सेवेत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. अवर्षणात किंवा अवकाळी पावसात धानाचे पीक हातचे गेलेल्या घराला त्या पाच टक्क्यांचा अर्थ शहरातल्या माणसापेक्षा अधिक कळतो. चित्रकाराला असे दार उघडे नाही. पोटाची चिंता करणाऱ्या बापाला कलेचे महत्त्व सांगणे सोपे असते, कारण ते सांगणाऱ्याचे पोट बहुधा भरलेले असते. आम्हा धर्मगुरूंना तर हे विसरून चालणारच नाही.

दुसरी बाजू प्रशिक्षकाची. तीही दुबळी नाही. उच्च पातळीवरील लांब पल्ल्याचा धावपटू आठवड्याला शंभर किलोमीटरहून कितीतरी अधिक धावतो. त्याला झोप लागते, आहार लागतो, आणि मनाचे एक प्रकारचे रितेपण लागते. विशेष म्हणजे या बाजूला मोठा साक्षीदार आहे, तो ॲरिस्टॉटल. सेमिनरीत आम्ही त्याचा 'पॉलिटिक्स' हा ग्रंथ अभ्यासला तेव्हा शरीरशिक्षणाचा भाग घाईने उलटला होता. आता तो पुन्हा काढून वाचला. त्यात तो सांगतो की, शरीर आणि बुद्धी यांना एकाच वेळी कष्टवू नये, कारण एकाचे श्रम दुसऱ्याच्या आड येतात. पण तोच ॲरिस्टॉटल त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट नोंदवतो आणि ती प्रशिक्षकांनी व पालकांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. ऑलिंपिक विजेत्यांच्या याद्यांत बालवयातही जिंकले आणि प्रौढपणीही जिंकले असे लोक दोन किंवा तीनच सापडतात, असे तो म्हणतो. कारण लहानपणी अति कष्टवलेले शरीर पुढे साथ देत नाही. म्हणजे सर्वस्व एकाच ठिकाणी ओतणे हा विजयाचा हुकमी मार्ग आहे, ही समजूत अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आकडेवारीलाही टिकली नव्हती.

ॲरिस्टॉटलचा गुरू प्लेटो या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहतो. 'रिपब्लिक' या संवादात तो म्हणतो की, नुसता व्यायाम करणारा माणूस रांगडा व कठोर होतो आणि नुसत्या कलेत रमणारा मऊ व निर्बल होतो. लोकांना वाटते, व्यायाम शरीरासाठी आणि कला आत्म्यासाठी. प्लेटोचे मत असे की दोन्ही मुख्यतः आत्म्यासाठीच आहेत. तंबोऱ्याच्या तारा जशा योग्य त्या ताणावर आणाव्या लागतात, तशा माणसातील धैर्य आणि कोमलता या दोन तारा सुरात आणायच्या असतात. आम्हाला ही दोन मते परस्परांचे खंडन करणारी वाटत नाहीत. शिष्य वेळेविषयी बोलत आहे, गुरू माणसाविषयी. एका तासात दोन कामे नीट होत नाहीत हे खरे; पण एका आयुष्यात दोन देणग्या राहू शकत नाहीत, हे त्यावरून सिद्ध होत नाही. आम्ही त्या मुलीला जे सांगितले त्यात हीच गफलत होती. तासाचा नियम आम्ही आयुष्याला लावला.

हे समजण्यासाठी खरे तर ग्रीसला जाण्याची गरज नव्हती. आपली झाडीपट्टी काय करत आली आहे? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दिवाळीनंतर धान घरात आले की शंकरपट भरत. दिवसा बैलजोड्यांची शर्यत आणि रात्री त्याच गावात नाटक वा दंडार. दिवसभर धुरळ्यात आरोळ्या ठोकणारा माणूस रात्री मंडपात मांडी घालून पहाटेपर्यंत नाटक पाहत बसे, आणि सकाळच्या शर्यतीत जोडी हाकणाऱ्याने रात्री तोंडाला रंग लावला तरी कोणाला नवल वाटत नसे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्राला अटींसह पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत शर्यत थांबली होती, रंगमंच थांबला नव्हता. या रंगभूमीची सेवा करणारे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरांतील पुष्कळांनी झाडीपट्टीचे नाव प्रथमच ऐकले असेल. ज्या मातीत शर्यत आणि कला एकाच जत्रेत नांदल्या, त्या मातीतील आम्ही एका मुलीला सांगत होतो की या दोन गोष्टी एका घरात नांदू शकत नाहीत!

यावर कोणी म्हणेल, जत्रेतील हौस वेगळी आणि आयुष्यभराची साधना वेगळी. आक्षेप रास्त आहे. म्हणून आयुष्यभराचे एक मराठी उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांना सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून देश ओळखतो. स्वतः नेमाने नमस्कार घालणारा आणि आपल्या संस्थानातील शाळांतून मुलांना घालायला लावणारा हा राजा तितकाच नेमाने चित्रे काढत असे. रामायणातील प्रसंगांवरील त्यांची चित्रमाला प्रसिद्ध झाली. १९३८ मध्ये औंधच्या टेकडीवर त्यांनी उभारलेले संग्रहालय आजही त्यांच्या कलाप्रेमाची साक्ष देते. त्यांना कोणी विचारले नाही की, महाराज, नमस्कार की चित्रे? पण येथेच थांबून प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे की, ते राजे होते. त्यांना रोवणीला जायचे नव्हते. भंडाऱ्याच्या मुलीपुढे राजाचे उदाहरण ठेवणे म्हणजे उपाशी माणसाला पंचपक्वान्नांचे वर्णन ऐकवणे होय.

म्हणून राजा नव्हे तर विद्यार्थी शोधला पाहिजे, आणि असा एक विद्यार्थी इतिहासात आहे. हंगेरीतील आल्फ्रेड हायोश याचे वडील तो तेरा वर्षांचा असताना डॅन्यूब नदीत बुडून वारले. त्यानंतर या मुलाने पोहण्याचा ध्यास घेतला. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हा तो अठरा वर्षांचा असून बुडापेस्टमध्ये वास्तुकलेचे शिक्षण घेत होता. समुद्राच्या थंडगार पाण्यात त्याने शंभर मीटर आणि बाराशे मीटर अशा दोन शर्यती जिंकल्या. तो परतल्यावर त्याच्या विद्यालयाचे अधिष्ठाता त्याला काय म्हणाले, याची एक गोष्ट सांगितली जाते: तुझ्या पदकांत मला रस नाही, पुढच्या परीक्षेतील तुझ्या उत्तरांत आहे, अशा आशयाचे ते बोलले. आम्ही ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हाला आमचाच चेहरा त्यात दिसला. फक्त बाजू उलटी होती. त्या गुरुजींना खेळ दिसत नव्हता, आम्हाला चित्र दिसत नव्हते.

हायोशने दोन्ही धरून ठेवले. पोहण्याचा त्याचा बहर ओसरला, वास्तुकला राहिली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतर, क्रीडागाराच्या आराखड्यासाठी त्याला एका सहकाऱ्यासह रौप्यपदक मिळाले. बुडापेस्टच्या मार्गारेट बेटावर १९३० मध्ये त्याने उभारलेला जलतरण तलाव आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. ज्या मुलाच्या बापाला पाण्याने नेले, त्याने हजारो मुलांना पोहता येईल असे पाणी बांधून ठेवले. दोन देणग्या शेवटी एकमेकींना कशा भेटतात हे तेथे पाहावे. त्या भेटीची तारीख मात्र अठराव्या वर्षी कोणालाही सांगता आली नसती, ना त्याला, ना त्याच्या गुरुजींना.

आराखड्याला ऑलिंपिकचे पदक कसे, असा प्रश्न वाचकांना पडेल. आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबर्टिन यांच्या आग्रहाने १९१२ ते १९४८ या काळातील सात ऑलिंपिकमध्ये वास्तुकला, साहित्य, संगीत, चित्र आणि शिल्प यांच्याही स्पर्धा होत असत. त्यांचा हेतू उदात्त होता. ग्रीकांचे शरीर आणि कला यांचे जुने नाते त्यांना परत जोडायचे होते. तरीही तो प्रयोग टिकला नाही. कलावंत हे व्यावसायिक आणि ऑलिंपिक हौशी खेळाडूंचे, असे कारण देऊन तो बंद झाला. आमच्या मते त्यात एक खोल अडचणही होती. शर्यतीत पहिला कोण हे घड्याळ सांगते. चित्रात पहिले कोण हे कोणते घड्याळ सांगणार? त्या पदकविजेत्या कृतींपैकी फारच थोड्या आज कोणाला आठवतात. कलेला धावपट्टीवर उभे करून तिचा सन्मान होत नाही.

आणि आपण आपल्या घरांत तेच करतो! आपल्या राज्यात दहावीच्या परीक्षेत खेळासाठी वाढीव गुण आहेत आणि इंटरमिजिएट ग्रेड चित्रकला परीक्षेसाठीही आहेत. शासनाचा हेतू चांगलाच आहे. पण आपण काय करतो? गुण पदरात पडेपर्यंत मुलाला चित्रकलेच्या शिकवणीला धाडतो आणि निकाल लागला की वही रद्दीत घालतो. ज्याने गुण मिळतात ते ठेवायचे, ज्याने मिळत नाहीत ते टाकायचे. असे करता करता मूल हे शिकते की, परमेश्वराने दिलेल्या देणगीची किंमत बाजार ठरवतो. आम्ही 'चित्रकलेने तुझे धावणे सुधारेल' अशी शिफारसही करणार नाही. ते खरे असो वा नसो, त्यात चित्रकला ही धावण्याची मोलकरीणच राहते.

आता त्यागाकडे वळू, कारण त्यागाविषयी बोलूनच आम्ही चुकलो होतो. हायोशला आराखड्याचे पदक मिळाले त्याच १९२४ च्या पॅरिसमध्ये स्कॉटलंडचा एरिक लिडेल हा धावपटू होता. शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या आणि रविवार प्रभूचा, म्हणून आपल्या हातखंड्याची ती शर्यत त्याने सोडली. चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. पुढच्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि १९४५ मध्ये जपान्यांच्या एका छावणीत नजरकैदेत असताना वारला. तो कॅथलिक नव्हता. तरीही त्याच्या त्यागापुढे आमची मान लवते. पण ती का लवते? त्याने सोडले ते स्वतःच्या विवेकबुद्धीने सोडले म्हणून. दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने ते सोडले असते, तर त्याला आपण त्याग म्हटले नसते, जबरदस्ती म्हटले असते.

आपल्याकडे गोव्यात जन्मलेले चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून कलेची वाट धरली; ते शांतिनिकेतनात शिकले आणि पुढे पुण्यात राहून साडी नेसलेली पवित्र मरिया रंगवत राहिले. त्या चित्रांना आपल्याच लोकांनी नावे ठेवली, तरी त्यांनी कुंचला ठेवला नाही. कलाही वेळ आली म्हणजे सर्वस्व मागते, हे त्यांच्या आयुष्यावरून दिसते. म्हणून 'दोन्ही कर, सारे काही जमते' असे गोड आश्वासन आम्ही त्या मुलीला देणार नाही. कदाचित तिला एक दिवस निवड करावी लागेल. पण ती निवड तिची असली पाहिजे आणि तिची वेळ झाल्यावर झाली पाहिजे.

मत्तयच्या शुभवर्तमानातील दाखला आपण सर्वांनी कितीदा ऐकला आहे. धनी परगावी जाताना आपले धन दासांच्या हवाली करतो. एकाला पाच भाग, एकाला दोन आणि एकाला एक. प्रवचनात आपण पाचवाल्याचे कौतुक करतो आणि एकवाल्याला बोल लावतो. मधला, दोनवाला, सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. या वेळी आम्ही त्याच्याकडेच पाहत बसलो. त्याला दोन मिळाले आणि त्याने दोन्ही कामाला लावले. धनी त्याला असे म्हणत नाही की, एक टाकून दुसऱ्यावर लक्ष दिले असतेस तर पाचवाल्याला गाठले असतेस. उलट पाचवाल्याला मिळालेली शाबासकी शब्दशः त्यालाही मिळते. धन्याने दोघांची तुलनाच केली नाही. त्याने इतकेच पाहिले की, जे दिले ते जागे ठेवले की निजवले.

आणि तो तिसरा दास? त्याने आपला भाग जमिनीत पुरला, तो आळसापेक्षाही भीतीने. तो स्वतःच तसे कबूल करतो. आम्हाला त्या दाखल्यातील भीती आता अधिक जवळून कळते. फरक इतकाच की, आमच्या कथेत भीती एका बापाची होती, खड्डा खणला आम्ही, आणि पुरले गेले ते मुलीचे. किती घरांत असे खड्डे असतील! कोणाची बासरी, कोणाची कविता, कोणाचे मातीकाम. वर धर्मवचनांची माती लोटलेली असते म्हणून ते दिसत नाहीत.

मग करायचे काय? बापाच्या पोटाच्या चिंतेचे काय आणि प्रशिक्षकाच्या वेळापत्रकाचे काय? याचे उत्तर आम्हाला ग्रंथात मिळाले नाही, ते धानाच्या कोठीपाशी मिळाले. आपल्याकडचा शेतकरी वर्ष कितीही कठीण आले तरी पुढल्या हंगामाचे बियाणे खात नाही. उसनवारी करील, अर्धपोटी राहील, पण ते वेगळे बांधून ठेवलेले धान शिजायला घालत नाही. ते सगळेच्या सगळे लगेच पेरतही नाही. मृग लागण्याची वाट पाहतो. धावण्याचा हंगाम आयुष्यात लवकर येतो आणि लवकर सरतो; पस्तिशी ओलांडलेले पाय पंचविशीचे वेळापत्रक मानत नाहीत. चित्रकाराच्या हाताला तसे बंधन नाही, तो सत्तरीतही पिकतो. तेव्हा आज धावण्याचा हंगाम आहे तर मुलीने धावावे, मनापासून धावावे. पण चित्राचे बियाणे खाऊन टाकू नये आणि कोणी तिला खायला लावू नये. आठवड्याला एक तास, एक साधी वही, तिला पदक विचारायचे नाही की गुण विचारायचे नाहीत. एवढे कोणत्याही घराला परवडते. मात्र बियाण्यालाही निगा लागते; कोंदट जागी ते सडते, हे त्या सुकलेल्या नळ्या आम्हाला सांगून गेल्या.

संत पौल करिंथकरांना लिहिताना शर्यतीचा दृष्टान्त देतो. त्या शहराजवळच दर दोन वर्षांनी खेळ भरत आणि विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. तो लवकरच कोमेजत असे. पौल तो कोमेजणारा मुकुट आणि न कोमेजणारा मुकुट यांची तुलना करतो, हे आपण जाणतो. परंतु त्याच करिंथमध्ये पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता, हे आपण विसरतो. हाताला एक काम आणि जिवाला एक ध्यास, असा तो जगला. त्याला कोणी दोन डगरींवरचा माणूस म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही.

आम्ही नव्या रंगांची एक पेटी आणली आणि त्या मुलीच्या घरी गेलो. वडील अंगणात होते. त्यांच्यादेखतच आम्ही मुलीला म्हणालो की, त्या दिवशी आम्ही बोललो ते घाईचे होते. तुझा निर्णय आम्ही घ्यायला नको होता. पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूला हे वाक्य बोलणे जड जाते. पण ते बोलल्यावर हलके वाटले, हेही नमूद करतो. बाप काही बोलला नाही. त्याने खाट सरकवून आम्हाला बसायला जागा केली.

मुलीने पेटी हातात घेतली, उघडली नाही. विद्यापीठाची स्पर्धा तोंडावर होती. ती म्हणाली, "सध्या नाही होणार, फादर. पण ठेवते."

आम्ही आनंदाने मान डोलावली. ठेवते म्हणाली, देऊन टाकते म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चर्चचे दार उघडताना रस्त्यावर पावलांचा ताल ऐकू आला. त्यांतली तिची पावले कोणती हे अंधारात ओळखता येत नव्हते. आम्ही साऱ्यांसाठीच प्रार्थना केली, आणि या वेळी घरोघरच्या बंद पेट्यांसाठीही केली.